गरम पातेलं मांडीवर नको, पण स्वयंपाकघर सोडू नका

प्रिय ताई,

मी ३६ वर्षांची, घाटकोपरला राहते. दोन वर्षांपूर्वी पावसात रिक्षा उलटली आणि मणक्याला मार बसला. फाइलवर 'डी-१०, कम्प्लीट' असं लिहिलंय, म्हणजे पाठीच्या दहाव्या मणक्यापाशी मज्जारज्जू पूर्ण निकामी. बेंबीच्या खाली काही कळत नाही, पण व्हीलचेअरवरून घरातलं बरंचसं मी करत होते. तीन आठवड्यांपूर्वी भाताचं पातेलं ओट्यावरून टेबलापाशी न्यायला मांडीवर घेतलं. खाली नॅपकिन ठेवला होता. रात्री गाऊन बदलताना उजव्या मांडीवर मोठा फोड दिसला. ती जागा अजून भरलेली नाही. त्यात परवा नणंदेला माझ्या डाव्या कुल्ल्यावर जांभळट डाग दिसला. सासूबाई त्यावर रोज खोबरेल चोळतात. बसायला मध्ये भोक असलेली रबरी गादी आणली आहे. आणि भाजलं त्या दिवसापासून मला स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत. दिवसभर खिडकीपाशी बसून असते. मी पुन्हा स्वयंपाक करू शकेन का? मे महिन्यात दिराचं लग्न आहे चिपळूणला, गाडीने जाता येईल का?

— एक वाचक, घाटकोपर

प्रिय मैत्रीण,

तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'हो' आहे. स्वयंपाकही करता येईल आणि चिपळूणलाही जाता येईल. पण आधी डाव्या कुल्ल्यावरच्या डागाचं बघू, कारण तो लग्नापर्यंत थांबणार नाही. हे वाचताना तुम्ही खुर्चीत बसल्या असाल तर पलंगावर जा, उजव्या कुशीला टेकून आडव्या व्हा आणि मग पुढचं वाचा.

डाग नेमका कुठे आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. नणंदेला फोनवर फोटो काढायला सांगा. कुल्ल्याच्या खालच्या भागात, बसल्यावर गादीला टेकतं ते टणक हाड हाताला लागतं. डाग त्या हाडावर असेल तर तो बसण्याचा डाग. आपण बसतो तेव्हा अंगाचा बहुतेक भार अशा दोन हाडांच्या टोकांवर येतो. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी आणि स्नायू चेपले जातात आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात. तुमच्या नणंदेला दहा मिनिटांत तिथे अवघडतं, ती नकळत जरा सरकते आणि रक्त पुन्हा वाहायला लागतं. तुमच्यापर्यंत ते अवघडणं पोचतच नाही. शिवाय दुखापतीनंतर कुल्ल्याचे स्नायू झिजत जातात, म्हणजे हाडावरचं मांसही कमी झालेलं असतं.

यातली फसवी गोष्ट अशी की नुकसान पुष्कळदा आत, हाडालगत सुरू होतं. साका झालेला हापूस वरून पिवळाधमक दिसतो आणि कापला की आत पांढरट, बाद निघतो, तसं. कातडी फाटलेली नाही म्हणून आत सगळं ठीक आहे असं धरून चालता येत नाही. जांभळट रंगाच्या बाबतीत तर मुळीच नाही.

भार काढल्यानंतर अर्ध्या तासात डाग गेला तर तो नुसता दाबाचा वळ होता. नाही गेला, तर बेडसोअरची ती पहिली पायरी समजायची. बोटाने हलकेच दाबून बघतात तेही याचसाठी. दाबल्यावर रंग फिका होऊन परत आला तर रक्त फिरतंय, तसाच राहिला तर काळजीचं. पण माहितीपत्रकात छापलेला लालबुंद चट्टा आपल्या सावळ्या कातडीवर तसा दिसेलच असं नाही. आपल्याकडे तो काळपट, जांभळट किंवा नुसताच चकचकीत दिसतो. म्हणून दुसऱ्या कुल्ल्याशी ताडून बघा. हाताची मागची बाजू लावून ती जागा जास्त गरम वाटते का, चाचपल्यावर कडक किंवा उलट लिबलिबीत लागते का, ते पाहा. तुमचा डाग दोन दिवस टिकला आहे आणि जांभळा आहे, त्यामुळे घरी वाट पाहण्यात अर्थ नाही. उद्या नाहीतर परवा डॉक्टरांना दाखवा. तोपर्यंत त्या बाजूवर बसणं बंद. जेवणसुद्धा कुशीवर. कमोड आणि अंघोळ यांना लागेल तेवढाच वेळ बसायचं.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हा आणि पुढचा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा. त्या जिवापाड करताहेत हे तुमच्या पत्रातूनच कळतं. पण डागावर चोळणं आजपासून थांबवायला हवं. आतल्या रक्तवाहिन्या आधीच दुखावलेल्या असतात, चोळण्याने त्या आणखी तुटतात. खोबरेल वाईट नाही. पोटऱ्यांची, टाचांची कोरडी कातडी मऊ ठेवायला ते हलक्या हाताने जरूर लावावं. डागावर मात्र नको. टाल्कम पावडरही नको, घामाने तिच्या गुठळ्या होतात आणि त्या टोचतात.

आणि ती भोकाची गादी. औषधांच्या दुकानात ती सर्रास मिळते, त्यामुळे लोकांना वाटतं की डाग भोकात आला म्हणजे सुटका झाली. उलट भोकाच्या कडेचा गोल दाब चहूबाजूंनी रक्त अडवतो आणि मधला भाग खाली लोंबकळून ताणला जातो. ती गादी कुणालाही देऊन टाकू नका, टाकूनच द्या.

एरवी कुल्ल्याच्या डागासाठी मी पालथं झोपायला सांगते, त्याने बसायची हाडं पूर्ण मोकळी होतात. पण तुमच्या उजव्या मांडीवर पुढून भाजलेलं आहे आणि पालथं झोपलं की भार तिथेच येईल. म्हणून सध्या उजव्या अंगावर, पण पूर्ण आडवं होऊन नाही. पाठीमागे उशी लावून तीसेक अंश तिरकं, म्हणजे खुब्याच्या हाडावर सगळा भार येत नाही. गुडघ्यांच्या आणि घोट्यांच्या मध्ये उशी. टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत, पोटरीखाली उशी घेऊन त्या अधांतरी ठेवायच्या. दर दोन तासांनी कूस बदलायची. डाव्या अंगावरही असंच तिरकं होता येईल, फक्त डाग गादीला टेकत नाही ना, हे हात घालून बघा. उशांना पाठ टेकून अर्धवट बसून टीव्ही बघायचा मोह टाळा. तशा बसण्यात अंग हळूहळू खाली घसरतं, कातडी चादरीला चिकटून जागच्या जागी राहते आणि आतलं हाड पुढे सरकतं. त्या ओढाताणीने माकडहाडावर जखम होते.

दर दोन तासांनी कूस बदलण्याला मोठा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत मणका दुखावलेली माणसं बहुतेक वर्षा-दोन वर्षांत बेडसोअरच्या किंवा मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने जात. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे लुडविग गुटमन या डॉक्टरांनी वॉर्ड सुरू केला आणि रुग्णाला रात्रंदिवस दर दोन तासांनी वळवायचंच, असा नियम घातला. पुढे ज्यांनी पॅरालिम्पिकची सुरुवात केली तेच हे. खेळ नंतर आले, आधी कातडी राखली गेली.

आता मांडी. भाजून तीन आठवडे झाले आणि जागा भरली नाही, याचा अर्थ भाजणं बहुधा खोलवरचं आहे. वरवरचं भाजलेलं साधारण दोन आठवड्यांत भरतं. इतरांच्या बाबतीत डॉक्टर 'किती दुखतं' यावरूनही खोलीचा अंदाज घेतात, तुमच्या बाबतीत ती खूण उपलब्धच नाही. म्हणून प्लास्टिक सर्जरी विभागात दाखवा. घाटकोपरहून तुम्हाला सायन हॉस्पिटल जवळ पडेल. ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटरही फार लांब नाही. एकाच फेरीत डाग आणि मांडी दोन्ही दाखवता आलं तर उत्तम. फार वेळ बाकावर किंवा खुर्चीत बसावं लागणार असेल तर 'मला आडवं व्हावं लागेल' हे आल्याआल्या सांगा आणि स्ट्रेचर मागून घ्या. संकोच करू नका.

पुढे कधी भाजलं आणि लगेच लक्षात आलं, तर वीस मिनिटं नळाचं गार पाणी. नळाला पाणी नसेल तर पिंपातलं तांब्या-तांब्याने. तासा-दोन तासांनी लक्षात आलं तरी पाणी घालाच, पहिले तीन तास त्याचा उपयोग होतो. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, तूप नाही. फोड फोडायचा नाही. स्वच्छ सुती कापड सैलसर झाकायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर. दुखत नाही म्हणून 'बघू उद्या' असं तुमच्या घरात यापुढे कुणी म्हणायचं नाही.

नॅपकिन असूनही कसं भाजलं, हे तुम्ही विचारलेलं नाही पण मनात असणार. ६० अंशांचं पाणी पाच सेकंदांत कातडी खोल भाजतं. ५० अंशांच्या आसपास तेच व्हायला काही मिनिटं लागतात. म्हणजे हाताला 'गरम आहे पण धरवतंय' इतकी उष्णतासुद्धा जास्त वेळ राहिली तर पुरते. आपल्याला चटका बसतो आणि क्षणात हात मागे येतो, म्हणून एरवी कुणी त्या मिनिटांपर्यंत पोचतच नाही. तुमच्या मांडीवर पातेलं टेबलापर्यंत पोचेतो टिकलं. नॅपकिनमुळे उष्णता फक्त उशिरा पोचली. आणि नॅपकिन ओलसर असेल तर तेवढाही आडोसा झाला नाही. यात तुमचा निष्काळजीपणा नाही. व्हीलचेअर चालवायला दोन्ही हात लागतात, मग मांडी हाच टेबल होतो. प्रत्येक जण हे करतो.

मग सासूबाईंनी स्वयंपाकघर बंद केलं ते बरोबर केलं का? माझं स्पष्ट मत आहे की नाही. स्वयंपाकघरात तुम्ही पुढे वाकत होतात, डबा काढायला बाजूला कलत होतात, मागे-पुढे सरकत होतात. त्या प्रत्येक हालचालीत हाडांवरचा भार सुटत होता. खिडकीपाशी दिवसभर एका जागी बसल्यावर ते सगळं थांबलं. आणि तीन आठवड्यांच्या आत डाग आला, तोही भोकाच्या गादीवर. भाजू नये म्हणून जे केलं त्यातूनच बहुधा हे उद्भवलं. डाग पूर्ण गेला आणि डॉक्टरांनी बसायला परवानगी दिली की तुम्ही स्वयंपाकघरात परत जायला हवं, फक्त व्यवस्था बदलून.

आपल्याकडचा ग्रॅनाइटचा ओटा उभ्या माणसासाठी बांधलेला असतो. त्यावर शेगडी, शेगडीवर पातेलं, म्हणजे पातेल्याची कड खुर्चीतल्या माणसाच्या छाती-हनुवटीशी येते. आत काय चाललंय ते दिसत नाही आणि उतरवायचं तर स्वतःकडे ओढावं लागतं. ही रचनाच धोक्याची आहे. ओट्यावर शिजवणं सोडा. गुडघे खाली जातील इतक्या उंचीचं एक भक्कम टेबल करून घ्या आणि त्यावर इंडक्शन शेगडी ठेवा. शेगडी बरोबर तुमच्या पुढ्यात नको, कारण सांडलं तर थेट मांडीवर येईल. ती बाजूला, भिंतीच्या अंगाला ठेवा. पुढ्यात चिरायची पाटी. पाय पाटीखाली असतील, शेगडीखाली नाहीत. इंडक्शनला ज्योत नसते, त्यामुळे पदर, ओढणी पेटायची भीती जाते. पातेलं उचलल्यावर काच मात्र बराच वेळ तापलेली राहते, तिच्यावर नकळत मनगट टेकू नका.

पातेलं जिथे शिजलं तिथेच राहू द्या. वाढायच्या वेळी ताटं पातेल्यापाशी येतील, पातेलं टेबलाकडे जाणार नाही. एवढा एक बदल केलात तरी निम्मा धोका जातो. न्यायचंच असेल तर चाकांची छोटी ट्रॉली पुढे ढकला किंवा घरात जो असेल त्याला हाक मारा. कुकर पूर्ण निवल्याशिवाय उघडायचा नाही, आणि उघडताना झाकण तुमच्या विरुद्ध बाजूने वर करा, वाफ पलीकडे जाईल. फोडणी लहान कढल्यात नको, ती लवंडते. जड बुडाची कढई घ्या. अंगात सुती कपडे, नायलॉनचा गाऊन नको, कारण तो वितळून कातडीला चिकटतो. मांड्यांवर गुडघ्यांखालीपर्यंत येणारा जाड एप्रन. पायांत बंद चपला किंवा बूट, उकळतं पाणी पावलावर पडलेलंही तुम्हाला कळणार नाही.

मांडीवर गरम काहीच नाही, हा नियम स्वयंपाकघराबाहेरही पाळा. चहाचा कप, वड्यांचं गरम पार्सल, चार्जिंगला लावलेला मोबाइल, लॅपटॉप, काहीच नाही. लॅपटॉप फसवा असतो. तो हाताला जेमतेम कोमट लागतो, पण दोन तास मांडीवर राहिला तर भाजू शकतो. तुम्हाला पायांत स्पॅझम (पाय आपोआप झटक्याने आखडणं) येत असतील तर आणखी एक कारण आहे: पाय उडाला की चहा सांडलाच. सासूबाईंची शेकायची पिशवी त्यांच्या गुडघ्यांसाठीच राहू द्या. तुमच्या कमरेखाली तिचं काही काम नाही.

अंघोळीचंही बदला. आपल्याकडे आधी बादलीत गीझरचं कढत पाणी आणि मग विसण घालायची सवय असते. तुमच्या बादलीत आधी गार पाणी पडेल, मग गरम. मिसळून झाल्यावर तुम्ही स्वतः कोपर बुडवून बघायचं. दुसऱ्याने 'ठीक आहे' म्हटलेलं चालणार नाही. पावलाने तर कधीच अंदाज घेऊ नका. गीझरचं तापमान ५० अंशांच्या खालीच ठेवा. शॉवरखाली किंवा गरम नळासमोर बसून अंघोळ नको, कारण इमारतीत पंप चालू-बंद झाला की पाण्याचा दाब बदलतो आणि कोमट पाणी अचानक कढत होतं. गरम नळ गळका असेल तर तो प्लंबरकडून आधी दुरुस्त करून घ्या. थेंब पावलावर पडत राहिले तर दिसेपर्यंत कळत नाही.

अंघोळीवरून आठवलं ते फार महत्त्वाचं आहे, आणि लाजेपोटी लोक बोलत नाहीत. कमोडच्या खुर्चीची बैठक कडक प्लास्टिकची असते, आणि पोट साफ होईपर्यंत कित्येक जण तिच्यावर तास-तासभर बसतात. व्हीलचेअरला महागडी कूशन घ्यायची आणि सकाळचा एक तास त्या कडांवर घालवायचा, यात सगळं पाण्यात जातं. कमोडला मऊ, गुळगुळीत, फाटका नसलेला पॅड लावून घ्या. पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त लागत असेल तर डॉक्टरांशी पोटाच्या वेळापत्रकाबद्दल बोला, ते सुधारता येतं. खुर्ची ते कमोड, खुर्ची ते पलंग असं सरकताना अंग फरफटत नेऊ नका. उचलून न्या किंवा गुळगुळीत सरकफळी वापरा.

पुन्हा बसायला लागल्यावर दर पंधरा ते तीस मिनिटांनी भार काढायचा. बऱ्याच जणांना हातांवर अंग उचलायचं शिकवलेलं असतं, पण तसं कुणी काही सेकंदांपेक्षा जास्त धरू शकत नाही आणि वर्षानुवर्षं केल्याने खांदे निकामी होतात. दाबलेल्या जागी रक्त नीट परत यायला दोनेक मिनिटं लागतात. त्यापेक्षा ब्रेक लावा, टेबलावर किंवा पलंगावर कोपरं टेकून पुढे झुका, छाती मांड्यांकडे न्या आणि दोन मिनिटं तशाच राहा. किंवा एका बाजूला पूर्ण कला, दोन मिनिटं, मग दुसऱ्या बाजूला. मोबाइलवर गजर लावा. मालिका बघत असाल तर प्रत्येक जाहिरातीला झुका.

कूशन कोणती घ्यावी हे मी पत्रावरून सांगणार नाही. तुमचं वजन, बसण्याची ढब, खुर्चीची झोळ पडली आहे का, पाय ठेवायच्या पट्ट्या किती उंच आहेत, हे सगळं बघावं लागतं. पट्ट्या फार वर असतील तर गुडघे उचलले जातात आणि मांड्यांवर पसरायचा भार मागे कुल्ल्यांवर येतो. हाजीअलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन ही १९५५ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची संस्था आहे. तिथे खुर्ची घेऊनच जा आणि खुर्ची-कूशन दोन्ही तपासून घ्या. हवेची कूशन मिळाली तर रोज सकाळी बसल्यावर कुल्ल्याच्या हाडाखाली हात सरकवा. हाड आणि कूशनचा तळ यांच्यामध्ये अर्धा ते एक इंच हवा राहिली पाहिजे. हाड तळाला लागलं तर हवा कमी आहे. कूशन टणक लागली तर जास्त भरली आहे आणि तेही वाईटच. मणक्याच्या दुखापतीनंतर जगणाऱ्या लोकांशी बोलावंसं वाटलं तर मुंबईत निना फाउंडेशन आहे. स्वतः अपघातानंतर व्हीलचेअर वापरणाऱ्या डॉ. केतना मेहता यांनी ती सुरू केली. अशा गप्पांतून कळणाऱ्या युक्त्या आम्हाला थेरपिस्टांना सुचत नाहीत.

तपासणी दिवसातून दोनदा, सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपण्याआधी. लांब दांड्याचा आरसा मिळतो, नाहीतर फोन. माकडहाड, दोन्ही कुल्ले, दोन्ही खुबे, गुडघ्यांच्या आतल्या बाजू, घोटे, टाचा, पावलांच्या कडा, नखांचे कोपरे. डाग दिसला तर शेजारी एक रुपयाचं नाणं धरून फोटो काढा. उद्याच्या फोटोशी ताडून बघितलं की वाढला का कमी झाला हे वादाशिवाय कळतं. हे काम नणंदेचं नाही, तुमचं आहे. ती मदतीला असावी, पण रोज काय दिसलं हे तुम्हाला माहीत असायला हवं. चादरीची सुरकुती, लघवीची नळी मांडीखाली आलेली, विसरलेली पिन, सगळ्याचे वळ तिथे उमटतात. पलंगावर गादी वाचवायला मेणकापड घातलं असेल तर त्यावर सुती चादर हवीच, थेट कातडी नको. घाटकोपरच्या दमट हवेत त्याखाली घाम साचतो आणि ओलसर कातडी लवकर फाटते. पावसाळ्यात अर्धवट वाळलेले कपडे घालू नका. लघवीने ओलं झालं तर लगेच बदला.

खाण्याचं थोडक्यात: जखम भरायला प्रथिनं लागतात. अंडी, मासे, डाळी, उसळी, दूध, पनीर यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवं. हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घ्या. मिश्री किंवा तंबाखू कुणी वापरत असेल तर ती सोडावी, निकोटिनने रक्तवाहिन्या आक्रसतात.

तुमची दुखापत डी-१० ला आहे, पण हे सदर वाचणाऱ्या काहींची डी-६ किंवा त्याच्या वर असेल, त्यांच्यासाठी एक सूचना. भाजणं, बेडसोअर, तुंबलेली लघवीची नळी यांपैकी कशानेही त्यांचा रक्तदाब अचानक भडकू शकतो. ठणकणारं डोकं, लाल झालेला चेहरा, दुखापतीच्या वरच्या भागात घाम, अशी लक्षणं दिसली तर ताबडतोब ताठ बसवा, कपडे सैल करा, नळीला पीळ पडलाय का बघा. तेवढ्याने उतरलं नाही तर थेट हॉस्पिटल.

आता चिपळूण. डाग आणि मांडी दोन्ही बरं झालेलं असेल आणि त्यानंतर हळूहळू वाढवत तुम्ही तीन-चार तास डाग न येता बसू लागलेल्या असाल, तर जायचं. हे मेपर्यंत होईल की नाही ते डॉक्टर सांगतील. कोकण रेल्वेने दिव्यांगांच्या डब्यात आडवं व्हायला जागा मिळणार असेल तर मी तोच प्रवास सुचवेन. गाडीनेच जायचं ठरलं तर गाडीच्या सीटवर तुमची कूशन ठेवा, डोकं छताला लागत नाही हे घरून निघण्याआधीच बघून घ्या. मुंबई-गोवा रस्त्याच्या खड्ड्यांत अंग पुढे घसरत राहतं, म्हणून पट्टा लावा आणि दर अर्ध्या तासाने बाजूला कला. वडखळला, माणगावला, महाडला थांबा आणि प्रत्येक ठिकाणी सीट मागे पाडून दहा-पंधरा मिनिटं कुशीवर व्हा. मे महिन्याच्या उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत पट्ट्याचं बक्कल आणि सीट तापलेली असते, बसण्याआधी कुणीतरी हात लावून बघायचं. खुर्चीच्या लोखंडी भागांचंही तेच. पावलं इंजिनाच्या बाजूला टेकवू नका, गाडीतही बूट घालून बसा.

लग्नात पैठणी नेसाल तेव्हा परकराच्या नाडीची गाठ पोटावर, बाजूला नाही. निऱ्यांच्या जाड घड्या आणि जरीचा काठ मांडीखाली येऊ देऊ नका, पिना कमरेच्या वरच लावा. मांडवाशेजारी पलंग असलेली एक खोली तुमच्यासाठी राखून ठेवायला सांगा. मंगलाष्टकं झाली की पंगतीच्या आधी तासभर आडवं व्हायचं आणि आरशात बघायचं. काही दिसलं तर पुढचा कार्यक्रम पलंगावरून. परतल्यावर दुसरा दिवस पूर्ण अंथरुणात. आणि दिराला आजच सांगून ठेवा, गाडीतली पुढची, मागे पडणारी सीट वहिनीची.